ठाण्याहून मे महिन्यात गाडीनं दहा दिवस: मित्रांची घरं आणि जुनी शहरं कशी जुळवावीत?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातले इंजिनिअरिंगचे चार विद्यार्थी, घरची पेट्रोल गाडी, मे महिन्यात दहा दिवस मोकळे. पुणे, कोल्हापूर, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे मित्रांची घरं आहेत, मुक्काम तिथेच. वाटेतली ऐतिहासिक शहरं बघायची आहेत. यादीत सातारा, विजापूर, हंपी, रायगड, नाशिक, अजिंठा, वेरूळ असं बरंच काही आहे. काय ठेवावं, काय गाळावं आणि गाडीचं काय बघावं?

हंपी, रायगड आणि नाशिक आत्ताच खोडा. विजापूरहून हंपी जाऊन-येऊन चारशे किलोमीटर आणि दोन दिवस खाते. रायगड आणि नाशिक ठाण्याहून शनिवार-रविवारात होतात, त्यासाठी मोठ्या सहलीतले दिवस घालवू नका. उरलेलं सगळं बसतं. फक्त मे महिन्यातली सहल गावांच्या यादीवरून आखू नका, उन्हावरून आणि साप्ताहिक सुट्ट्यांवरून आखा. विजापूर, सोलापूर, संभाजीनगर या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी अकरा ते चार उघड्यावर काहीही ठेवू नका. तो वेळ जेवण, झोप आणि छपराखालच्या संग्रहालयांचा.

सुट्ट्यांचं गणित असं: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. विजापूरच्या गोलघुमटासमोरचं संग्रहालय शुक्रवारी बंद. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग खंडाळ्याच्या घाटात अडकते. या सगळ्याला एकच उत्तर आहे: सोमवारी पहाटे निघा. सोमवारी पुणे, मंगळवारी सातारा, बुधवार-गुरुवार कोल्हापूर, शुक्रवारी विजापूर, शनिवारी सोलापूर, रविवारी संभाजीनगर. तिथे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बुधवारी घरी. वाटेत कुठे एक दिवस घसरला तर संभाजीनगरला सोमवारी पोचाल. मग मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ, एवढीच अदलाबदल.

ठाण्याहून पहाटे पाचला निघाल्यास ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भ्याला सायन-पनवेल महामार्ग आणि कळंबोलीहून एक्सप्रेसवे, हा रस्ता बरा. मुंब्रा बायपास अंतरानं जवळ वाटतो, पण तिथे जेएनपीए बंदराच्या कंटेनरांमागे अडकायला होतं. पुण्यात शनिवारवाडा सकाळीच उरकून घ्या. 1828 च्या आगीत आतले महाल गेले. आता तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत, त्यामुळे आत सावली जवळपास नाही. दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय. साताऱ्याला मंगळवारी सकाळी पोचून वाईचा ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट, संध्याकाळी अजिंक्यतारा. तिथे मित्राचं घर नाही, म्हणून त्याच रात्री दोन-अडीच तासांत कोल्हापूर गाठलं तरी चालेल. बुधवारी सकाळी अंबाबाईचं देऊळ, दुपारी न्यू पॅलेसमधलं संग्रहालय आणि थोडी विश्रांती.

पन्हाळा, विजापूर आणि नळदुर्ग ही तीन ठिकाणं मात्र एका ओळीत बघा, कारण ती एकाच गोष्टीचे भाग आहेत. 1660 मध्ये विजापूरच्या अली आदिलशहानं पाठवलेल्या सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि जुलैमधल्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज तिथून विशाळगडाकडे निसटले. पन्हाळ्यावर उभं राहून ती वाट बघितली आणि दुसऱ्या दिवशी वेढा घालणाऱ्यांच्या राजधानीत शिरलं, की दोन्ही जागा जास्त कळतात. पन्हाळ्यावर गुरुवारी सातपर्यंत पोचा. अंधारबाव, तीन दरवाजा, अंबरखान्यातली गंगा कोठी आणि सज्जा कोठी हे चार टप्पे सावकाश बघितले तरी साडेदहाला मोकळे व्हाल. अंधारबाव तीन मजली आहे आणि वरून साधी इमारत दिसते. खाली विहीर आणि तटाबाहेर जायची चोरवाट आहे. गडावर पाण्याचं नियोजन आणि संरक्षण एकत्र कसं केलं जाई, ते समजायला ही एक वास्तू पुरते.

कोल्हापूर ते विजापूर मिरज, जत मार्गे सुमारे 180 किलोमीटर आहे. पहाटे पाचला निघा म्हणजे ऊन तापायच्या आत पोचाल. तिथे मित्र नाही, तेव्हा दोन खोल्या आधीच बुक करा. एका खोलीत चौघांना बरेच लॉजवाले घेत नाहीत आणि प्रत्येकाचं आधार मागतात. शुक्रवारी संध्याकाळी चारनंतर इब्राहिम रोजा, मग शेरझा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ. ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून विजापूरला आणली. तोंडाशी सिंहासारखा जबडा आहे आणि त्यात हत्ती चिरडला जातोय. तो हत्ती बघायला खाली वाकावं लागतं, बहुतेक लोक नुसता फोटो काढून निघतात.

गोलघुमट शनिवारी उघडल्या उघडल्या, सहा-सव्वासहाला गाठा. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून अरुंद जिन्यानं वर जायचं, गच्चीवरून छोट्या दारातून घुमटाच्या आतल्या सज्ज्यात शिरायचं. 1656 च्या या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे. सज्ज्याच्या एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की समोरच्या टोकाला भिंतीला कान लावलेल्याला ते ऐकू येतं, कारण आवाज गोल भिंतीला धरून सरकतो. पण यासाठी आत शांतता हवी. आठनंतर गर्दी येते, सगळे एकदम ओरडतात आणि नुसता गोंगाट कानी पडतो. दोघं इकडे, दोघं तिकडे बसा, टाळी वाजवू नका, हळू बोला. नऊला संग्रहालय, अकराच्या आत सोलापूरचा रस्ता. अंतर शंभरेक किलोमीटर.

रविवारचा दिवस सगळ्यात लांब आहे, साडेतीनशे किलोमीटर. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग. किल्ला उघडण्याची वेळ आदल्या दिवशी मित्राकरवी विचारून घ्या. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधलाय, 1613 चं, विजापूरच्या आदिलशाहीचंच काम. नर-मादी धबधबे मेमध्ये कोरडे असतात, ते बघायला मिळतील या आशेनं जाऊ नका. पण पाणी नसल्यामुळेच बांधाची रचना स्पष्ट दिसते. पुढे तुळजापूर, धाराशिव, बीड. तुळजापुरात दर्शन घ्यायचं असेल तर रविवारच्या गर्दीत तीन तास जातील असं धरा. बीडला दुपारची विश्रांती घेऊन चारनंतर निघा.

वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी कैलास लेण्याचं अंगण सावलीत असतं. छायाचित्रांसाठी दुपारचा उजेड चांगला, पण मेमध्ये सकाळच. परतताना दौलताबादचा किल्ला दिसला की लगेच चढायचा मोह होतो. तो साडेदहानंतर आवरा आणि संध्याकाळी चारला वर जा. अंधेरी या गडावरच्या काळोख्या भुयारी वाटेत वटवाघळं आहेत आणि पायऱ्या गुळगुळीत, म्हणून मोबाईलच्या उजेडावर न जाता विजेरी घ्या. अजिंठा शंभर किलोमीटर लांब आहे. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवर लावून चार किलोमीटर बसनं जावं लागतं. लेण्यांत चपला काढतात आणि बाहेरचा दगड तापलेला असतो, जुने मोजे सोबत ठेवा. फ्लॅश चालत नाही.

आता गाडी. उन्हाळ्यात रस्त्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांचं कारण बहुतेक वेळा टायर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) नाहीतर बॅटरी असतं, आणि तिन्ही ठाण्यात अर्ध्या तासात तपासता येतात. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेल्या टायरवर, नक्षी चांगली असली तरी, ही सहल करू नका; रबर आतून कडक झालेलं असतं. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या वर चालायच्या आत तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यात पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो. चौघं आणि सामान म्हणजे तोच आकडा लागू. "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा" असं पंपावरचा सांगेल, ते ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. गरम टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, ते काढायचे नसतात. स्टेपनीतली हवाही बघा, आणि जॅक लावून एक चाक घरीच सोडवून बघा. मशिननं आवळलेले नट बरोबरच्या पान्यानं हलत नाहीत, हे हायवेवर कळून उपयोग नाही.

कूलंट थंड इंजिनवर दोन खुणांच्या मध्ये हवं. एसी लावून गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, पंख्याचा आवाज आला पाहिजे. घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या आणि जागा मिळताच बाजूला. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, त्याला हात लावायचा नाही. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, नाहीतर ब्रेक तापून पकड सुटते. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. बंद गाडीत डिओ आणि पॉवर बँक ठेवून जाऊ नका.

पक्कं लायसन्स किमान दोघांकडे हवं आणि दर दोन तासांनी चालक बदला. शिकाऊ लायसन्सवाल्याला या रस्त्यांवर गाडी देऊ नका. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात. गाडी भाड्यानं घ्यायची वेळ आली तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. कुणाची पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी पैसे देऊन घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांचाच आहे. एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर तो चालत नाही, तिथे शिल्लक लागते.

खर्च: एकूण सुमारे 1650 किलोमीटर. एसीसह पंधराचं ॲव्हरेज धरलं तर 110 लिटर, लिटरला 105 रुपयांनी साडेअकरा हजार. टोलला अडीच हजार, विजापूरच्या खोल्यांना तीन हजार. तिकिटं किरकोळ आहेत. जेवणासकट माणशी सात-साडेसात हजारांत होतं. पेट्रोल-टोलचे पैसे निघण्याआधी एकाकडे गोळा करा, बाकी टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी.

मित्रांच्या घराबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि मराठवाड्यात मेमध्ये कित्येक घरी टँकरवर भागतं. चार पाहुण्यांच्या आंघोळी हा त्या घरावरचा खरा भार असतो, आणि काकू ते तोंडानं म्हणणार नाहीत. पाण्याचा वार कोणता ते मित्राला आधी विचारा, एका बादलीत आटपा, चादरी स्वतःच्या न्या, रात्री आठच्या आत पोचा आणि जेवणार की नाही ते दुपारीच कळवा. मेमध्ये लग्नाच्या तारखा असतात, तेव्हा घरात कार्य नाही ना, हेही विचारा. नेण्यासाठी हापूससारखं दुसरं काही नाही. निघण्याआधीच्या शनिवारी वाशीच्या एपीएमसी बाजारात डझनाच्या चार पेट्या घ्या: पुण्याची तयार, कोल्हापूरची अर्धवट, सोलापूर-संभाजीनगरची कडक हिरवट, पेंढ्यात. डिकीत ठेवू नका, तिथे आंबा शिजतो आणि देठाकडून काळा पडतो. मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या वाऱ्यात ठेवा आणि रात्री घरात काढा.

परतीला बुधवारी पहाटे टाकी फुल्ल करूनच माळीवाड्याहून समृद्धीवर चढा, कारण पुढे पंप विरळ आहेत. मर्यादा 120 ची असली तरी भरलेल्या गाडीनं 90-100 धरा. सरळ काँक्रीटवर डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं, म्हणून शेजारी बसलेल्यानं झोपायचं नाही. इगतपुरीचा बोगदा ओलांडून आमण्याला उतरलात की मुंबई-नाशिक महामार्गानं खारेगाव, माजिवडा. हा शेवटचा टप्पा अकरा-बाराच्या सुमारास करा. संध्याकाळी साकेत पुलाशी सापडलात तर आमणे ते ठाणे या तुकड्यालाच दीड-दोन तास लागतील.