ट्रोंडहाइम्स-ओर्न हा नॉर्वेचा महिला फुटबॉल क्लब इतका नावाजलेला का?

कारण नव्वदच्या दशकात नॉर्वेत त्यांना तोड नव्हती. ट्रोंडहाइममध्ये १९७२ साली हा संघ उभा राहिला, तेव्हा नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाची महिला फुटबॉलला मान्यताही नव्हती. ती मिळाली १९७६ मध्ये. पुढे १९९४ ते १९९७ सलग चार वर्षं लीग यांचीच. एकूण ७ लीग विजेतेपदं आणि ८ वेळा नॉर्वेजियन कप!

याच क्लबची उंचपुरी आन क्रिस्टिन ओरोनेस १९९५ च्या विश्वचषकात ६ गोल करून सर्वाधिक गोल करणारी ठरली. अंतिम सामन्यात जर्मनीला २-० हरवून नॉर्वे जगज्जेता झाला, तो याच स्पर्धेत. माझ्या मते क्लबच्या इतिहासातली सर्वांत अभिमानाची गोष्ट हीच.

२०२० पासून हा संघ शहरातल्याच रोसेनबोर्ग या फुटबॉल क्लबच्या नावाने खेळतो.