प्रीबायोटिकमध्ये करिअर होईल का?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माशांच्या खाद्यात प्रीबायोटिक मिसळून त्यांची वाढ आणि रोगप्रतिकारशक्ती कशी सुधारता येते, यावर सेमिनार दिला आणि विषय मनापासून आवडला. घरचे मात्र विचारतात, "एवढं शिकून मासेच पाळणार का?" यात करिअर होईल का?

उत्तर : होईल. पण करिअरला 'प्रीबायोटिक' हे नाव देऊ नकोस. ते आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंना पोसण्यासाठी खाद्यात घालायचं एक घटकद्रव्य आहे, उद्या त्याच्या जागी दुसरं येईल. माशाचं आतडं आणि त्यात जाणारं खाद्य हे तुझं क्षेत्र समज.

घरच्यांना एवढं सांग, की मत्स्यपालनाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा बहुतेकदा खाद्याचाच असतो. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, म्हणजेच एफसीआर, यावर पालन करणाऱ्याचा नफा ठरतो. वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविकं मिसळण्यावर युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली, तेव्हापासून पर्यायांचा शोध जोरात आहे. हे काम समजणारी माणसं लागतात, आणि जिवाणू ओळखणारी तर लागतातच.

सेमिनारमध्ये तू सगळ्या प्रीबायोटिकांना एकाच ओळीत बसवलं असशील, तर ती सवय आत्ताच सोड. यीस्टच्या पेशीभित्तिकेतून मिळणारं एमओएस (मॅनन-ऑलिगोसॅकराइड) हे मॅनोज साखरेचं असतं. अनेक रोगकारक जिवाणू आतड्याच्या अस्तरावरच्या याच साखरेला चिकटतात. एमओएस समोर आलं, की ते त्याला चिकटून विष्ठेबरोबर बाहेर पडू शकतात. इन्युलिन आणि एफओएस (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड) ही न पचणारी कर्बोदकं मात्र उपयुक्त जिवाणूंचं अन्न होतात. ते आंबवताना तयार होणारी ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्लं अस्तराच्या पेशींना ऊर्जा देतात. यीस्टच्याच पेशीभित्तिकेत सापडणाऱ्या बीटा-ग्लुकानचा मुख्य परिणाम थेट रोगप्रतिकारक पेशींवर होतो, त्यामुळे त्याला प्रीबायोटिक म्हणावं का, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही.

शिवाय मासा कोणता, यावर बरंच काही बदलतं. कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं, तर मांसाहारी सामन माशाचं आतडं आखूड असतं. आर्क्टिक चार नावाच्या माशाला खाद्यात १५ टक्के इन्युलिन दिलं, तेव्हा त्याच्या आतड्याच्या पेशींना इजा झालेली दिसली. प्रत्यक्षात मात्रा बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर ठेवतात. अमुक पूड घाला आणि मासे वाढवा, असं सरसकट सांगणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. एकाच पुडीने एका तळ्यात फरक दिसतो, दुसऱ्यात काहीच होत नाही. पाण्याचं तापमान, माशाचं वय, मूळ खाद्य, सगळ्याचा हिशेब लागतो.

हा फरक खरा की योगायोग, हे सांगता येणं हेच तुझं खरं कौशल्य ठरेल. त्यासाठी संख्याशास्त्र गांभीर्याने शिक. एका टाकीत पन्नास मासे असले, तरी प्रयोगाच्या दृष्टीने ते पन्नास नमुने नव्हेत. खाद्य टाकीला दिलं जातं, म्हणून टाकी हा एक नमुना. प्रत्येक खाद्यासाठी किमान तीन टाक्या हव्यात. प्रत्येक मासा वेगळा नमुना धरण्याची चूक छापून आलेल्या संशोधनातही सापडते, आणि ती पकडणारी मुलगी खाद्यकंपनीच्या संशोधन विभागाला हवीच असते.

पुढे मत्स्यपोषण किंवा जलजीव-आरोग्य यात पदव्युत्तर शिक्षण घे. प्रवेशासाठी तुझी पदवी चालते का, हे प्रत्येक संस्थेच्या नियमांत आधी तपासून घे. त्यानंतर खाद्यसूत्र ठरवणं, कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, हॅचरी (मत्स्यबीज तयार करण्याचं केंद्र), रोगनिदान प्रयोगशाळा, मत्स्यपालकांना तांत्रिक सल्ला असे मार्ग खुले होतात. स्वतंत्र संशोधनाची इच्छा असेल, तर पीएचडीची तयारी ठेव.

एक गोष्ट मात्र घरच्यांची खरी आहे : माशांपासून लांब राहून हे काम होत नाही. पहाटे नमुने घ्यावे लागतात, मासे कापून आतडी काढावी लागतात, हाताचा वास जात नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी एखाद्या मत्स्यपालन केंद्रात किंवा हॅचरीत महिनाभर काम कर. खाद्य टाकताना मासे कसे येतात, किती खाद्य उरतं, याची रोज नोंद ठेव. महिन्यानंतरही ती वही उघडावीशी वाटली, तर ती घेऊनच घरच्यांशी बोलायला बस.