चेंबूरच्या घरात हवा शुद्ध करणारे यंत्र लावूनही रसायनांचा वास का जात नाही?

आपल्या यंत्रात बहुधा केवळ हेपा गाळणी असावी. ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, परंतु तेलशुद्धीकरण कारखाने असलेल्या शेजारच्या माहुलकडून वारा सुटला की येणाऱ्या वासाचे वायुरूप रेणू तिच्यातून सरळ आरपार जातात. ते धरून ठेवण्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, ज्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ ५०० चौरस मीटरांहूनही अधिक, म्हणजे वन रूम किचनच्या वीसेक खोल्यांइतके भरते. कोळसा फासलेला पातळ काळा स्पंज मात्र लवकर निकामी होतो (पावसाळ्यातील दमट हवेत तर अधिकच), म्हणून दाण्यांचा जाड थर असलेले यंत्र घ्यावे. यंत्रावरील हिरव्या दिव्यावर विसंबू नये. तो बहुतेकदा धूलिकणच मोजतो. वायूसाठी घरगुती यंत्रांत सहसा तापवलेल्या टिन ऑक्साइडचा संवेदक (सेन्सर) असतो, आणि त्यालाही फोडणीचा धूर व रसायन यांतील फरक नीट कळत नाही.