यवतेश्वरच्या घाटात ग्रॅप्टोलाइट सापडणार नाही

तू ग्रॅप्टोलाइटचा जीवाश्म समजून यवतेश्वरच्या घाटातून आणलेला दगड भिंगाखाली नीट पाहिला. त्यावरची काळी फांद्याफांद्यांची नक्षी मँगनीजची आहे. भेगेत पाणी मुरत राहिलं की ती उमटते. नाराज होऊ नकोस, तिनं भल्याभल्यांना चकवलंय. आपला साताऱ्याचा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. समुद्रात तरंगणारे ग्रॅप्टोलाइट, म्हणजे इवल्या जीवांच्या वसाहती, तर 40 कोटी वर्षांपूर्वीच संपले.

ते शोधायचे काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात. नमुना हातात आला की उजेडात तिरका धर. पेन्सिलीनं ओढल्यासारखी चकचकीत रेघ दिसेल आणि तिच्या कडेला करवतीसारखे दाते. एकेक दाता म्हणजे एकेका इवल्या जीवाचं घर! दाते एका बाजूला की दोन्ही, सेंटीमीटरात किती, फांद्या किती, हे आधी वहीत उतरव. नावाची घाई नको.

ग्रॅप्टोलाइटच्या जाती समुद्रभर पसरायच्या आणि भराभर बदलायच्या, म्हणून त्यांच्यावरून थराचा काळ ठरतो. स्कॉटलंडमध्ये डॉब्ज लिनला चार्ल्स लॅपवर्थ या भूवैज्ञानिकाला त्याच जाती पुन्हा पुन्हा भेटल्या. म्हणजे प्रचंड जाड वाटणारा तो खडक मुळात पातळच होता, घड्या पडून थर परत परत वर आले होते. मला तर हे अजूनही विलक्षण वाटतं. पुढं 1879 मध्ये त्यानंच ऑर्डोव्हिशियन हा कालखंड सुचवला.

तसा शेल हाती येईपर्यंत घाटातच थर वाचायची सवय लाव. दोन लाव्हांच्या मधे तांबडा मातकट पट्टा दिसला की थांब, त्याची जाडी मोज आणि खालीवर काय आहे ते लिही.