‘मला कोड येत नाही, मग मी तिथे जाऊन काय करू?’

हॅकेथॉनची, म्हणजे एक-दोन दिवसांत गटाने ॲप वगैरे तयार करायच्या स्पर्धेची, पोस्टरं कॉलेजच्या भिंतीवर लागली की माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात एक काळजी हमखास डोकावते: ‘मला पुरेसं येत नाही. उगाच जाऊन हसं करून घेऊ का?’

मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात समुपदेशन करते. इथे ही काळजी जरा जास्तच बोचते. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचं तेव्हाचं नाव) निघालं. कमी फीमध्ये पहिली दोन वर्षं इथे करायची आणि मग ट्रान्स्फर घेऊन मोठ्या विद्यापीठात जायचं, ही वाट तेव्हापासून चांगली रुळलेली आहे. तरी आपण ‘खऱ्या’ कॉलेजात नाही, हा सल मुलांच्या मनातून जात नाही. आपल्या मराठी घरांमधून तर तो अधूनमधून कुरवाळलाही जातो. त्यामुळे फक्त कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी हॅकेथॉन निघतात, त्याचं मला फार बरं वाटतं.

जिच्याबद्दल लिहिते आहे ती ग्राफिक डिझाइन शिकत होती, संध्याकाळी दुकानात काम करायची. (तिला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हॅकेथॉनसाठी तिने नाव नोंदवलं होतं आणि आठवड्यावर आल्यावर ते काढून घ्यायचं म्हणत होती. ‘सगळे प्रोग्रॅमर असणार. मी पोस्टर करते. मला टीममध्ये घेऊन ते पस्तावतील.’

अशा वेळी घरचे म्हणतात, ‘अगं, तुला सगळं येतं, घाबरतेस काय?’ माया असते त्यात, पण उपयोग होत नाही, कारण ते खरं नसतं. तिला कोड येत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ‘इम्पॉस्टर सिंड्रोम’ हे लेबलही मी लगेच हातात देत नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ज्या बायकांबद्दल लिहिलं, त्यांनी भरपूर यश कमावलेलं होतं आणि तरी त्या स्वतःला तोतया समजत होत्या. हिचं दुखणं तसं नव्हतं. हिला एक गोष्ट खरोखर येत नव्हती आणि त्यावरून पुढचं सगळं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

म्हणून वाद न घालता मी तिला कागद दिला. भीती वाक्यांत उतरव, अशा वाक्यांत की नंतर तपासता आली पाहिजेत. ‘खूप वाईट होईल’ चालणार नाही. तिने लिहिलं: ‘पहिल्या तासात कोणीतरी विचारेल, तुला कोडची कोणती भाषा येते? मी म्हणेन, एकही नाही. तो दुसरीकडे जाईल. खात्री ८० टक्के.’ त्याखाली: ‘मी रात्रभर नुसती बसून राहीन. ७० टक्के.’ आणि शेवटी: ‘परीक्षक मला काहीतरी विचारतील आणि मी गप्प होईन. ९० टक्के.’ बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी) याला वर्तन-प्रयोग म्हणतात. आधी अंदाज लिहायचा, मग जाऊन बघायचं, आल्यावर ताळा करायचा.

पहिल्या तासासाठी आम्ही उत्तर घोटून ठेवलं, अगदी तोंडाने म्हणून. ‘मी कोड लिहीत नाही. स्क्रीनवर काय दिसेल, माणूस कुठे दाबेल, हे मी ठरवते. तुमची कल्पना सांगता का?’ सुरुवातीला ती ‘सॉरी, पण’ असं म्हणून पुढचं बोलायची. तो ‘सॉरी’ काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

झोपेचा करारही केला. जागरण म्हणजे पराक्रम, हा हॅकेथॉनमधला समज मला मुळीच आवडत नाही. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं होतं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. त्या अवस्थेत पहाटे दुरुस्त केलेला कोड सकाळी डेमोत पडतो, यात नवल ते काय? बायपोलरचा त्रास असलेल्या मुलांना मी याहून कडक सांगते: जागरणाने मेनिया (अतिउत्साहाची अवस्था) उसळू शकतो, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जायचं नाही.

ती गेली. आल्यावर कागद पुढे ठेवून बसलो.

भाषेचा प्रश्न आला होता. दोघांनी विचारला आणि ते खरोखरच पुढे सरकले. तिसऱ्याने मात्र खुर्ची ओढली. त्यांच्या गटाला जुनी पाठ्यपुस्तकं एकमेकांना उसनी देण्याचं ॲप करायचं होतं. तिने आधी कागदावर तीन चौकोन काढले: पुस्तक शोधा, मागा, परत द्या. मग तेच फिग्मा या स्क्रीन-डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर घेतलं. रात्री दोघे प्रोग्रॅमर लॉगिनमध्ये अडकून पडले होते, पासवर्डचं काही केल्या जमेना. तिने विचारलं, ‘तीन मिनिटांच्या डेमोत परीक्षक लॉगिन करणार आहेत का?’ दोघे गप्प. मग त्यांनी लॉगिन काढून टाकलं, एक खोटा विद्यार्थी थेट कोडमध्येच लिहून ठेवला आणि अडलेलं काम पुढे गेलं. हॅकेथॉनचे जुने खेळाडू हेच करतात, पण तिला ते कोणी शिकवलेलं नव्हतं. वापरणाऱ्याच्या बाजूने बघायची सवय होती, म्हणून सुचलं. त्यानंतर ती ठरल्याप्रमाणे झोपायला गेली.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी तिला विचारलं, रंग असेच का निवडले? तिचं तोंड बंद झालं, शेजारचा मुलगा काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ लागला. म्हणजे ९० टक्क्यांचा अंदाज बरोबर आला. ८० टक्क्यांचा अंदाज अर्धाच बरोबर निघाला, ७० टक्क्यांचा साफ चुकला. ताळा असा अर्धामुर्धा निघाला की मला बरं वाटतं. सगळे अंदाज खोटे ठरले असते तर तिने ‘नशीब चांगलं होतं’ म्हणून सोडून दिलं असतं.

आता ती स्वतःहून असा कागद करते. एखाद्या नव्या क्लासला जायचं असलं तरी आधी टक्के लिहिते. माझ्या मते इतकं करायची गरज नाही, पण तिला त्यात मजा येते आहे, तर असू दे.

प्रश्न आला की गप्प होणं मात्र अजून आहे. त्यावर आमचं काम चालू आहे: तिचंच एखादं डिझाइन समोर ठेवायचं, मी ‘हे असं का?’ विचारायचं आणि तिने उत्तर द्यायचं, मग ते कितीही अडखळत का असेना. ट्रान्स्फरसाठी पोर्टफोलिओ दाखवायची वेळ येईल तेव्हा शेजारी सावरून घ्यायला कोणी नसेल.