सशांसाठी .२२ रायफलीला स्वस्त आणि टिकाऊ दुर्बीण कुठली घ्यावी?

प्रश्न असा आहे: ‘मी मूळचा गोव्यातल्या डिचोलीचा. सध्या न्यूझीलंडला, ओटागोत मेंढ्यांच्या फार्मवर काम करतो. लायसन्स काढलंय. मालकाने सशांसाठी आपली जुनी .२२ ब्रनो रायफल वापरायला दिलीय, पण नुसत्या लोखंडी साइटने पन्नास मीटरवर माझं काही लागत नाही. जास्त पैसे न घालवता टिकेल अशी दुर्बीण सुचवा.’

तुझ्या वयाचा माझा पुतण्या आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो. मी सत्तरीतला, वाळपईजवळचा. ओटागोत पाच वर्षं मेंढ्या राखल्या, आणि तिथे माझ्या हातातली रायफलही ब्रनो मॉडेल २ होती. तेव्हा तुझं दुखणं मला पाठ आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. ४×३२ची फिक्स (पट न बदलणारी) किंवा २-७×३२ची (दोन ते सात पट बदलणारी), डब्यावर ‘रिमफायर’ लिहिलेली, म्हणजे .२२सारख्या छोट्या गोळीच्या रायफलींसाठीची दुर्बीण घे. उरलेल्या पैशांत चांगल्या रिंगा घे, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या. याहून मोठी घेऊ नकोस.

मी नेमकं उलट केलं होतं. पहिल्या पगारातून एका ऑनलाइन दुकानातून ६-२४×५० मागवली. चित्रात भारी दिसत होती, वर लाल-हिरवा दिवा पेटणारी. रायफलीवर चढवली तेव्हा मालक एवढंच म्हणाला, ‘चंद्र बघायचाय का?’ पहिल्याच संध्याकाळी कुंपणाच्या कडेला, वीस पावलांवर ससा बसलेला. डोळा लावला तर आत नुसती तपकिरी धुरकट लव. कान कुठला, पाठ कुठली, काही कळेना. सहापेक्षा खाली ती दुर्बीण येतच नव्हती, आणि सहावर वीस मीटरला जेमतेम सव्वा मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. ससा शोधेपर्यंत तो बिळात. साध्या ४×ला पंचवीस मीटरवर अडीच मीटरच्या आसपास दिसतं, म्हणजे ससा, त्याच्या बाजूची झुडपं आणि मागे मेंढी आहे की नाही, सगळं एका नजरेत.

आकड्यांचा अर्थ तुला ठाऊक असेलच. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भाग की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिलिमीटर. तरण्या माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, म्हणजे डोळ्याला पेलेल तेवढा सगळा उजेड मिळाला. माझी ५० मिलिमीटरची तोफ २४ पटीवर जेमतेम दोन मिलिमीटर द्यायची. ससे बाहेर पडतात ते तिन्हीसांजेला आणि पहाटे. त्या वेळी मला आत काळोख दिसायचा, आणि मालकाला त्याच्या चाळीस वर्षं जुन्या ४×मधून ससा मिशा हलवताना दिसायचा.

आता ‘रिमफायर’ या शब्दाबद्दल, कारण दुकानदार तो नीट समजावत नाहीत. प्रश्न पॅरालॅक्सचा आहे. स्कूटरवर मागे बसून स्पीडोमीटर बघितलास तर काटा चालवणाऱ्याला दिसतो त्याहून वेगळ्या आकड्यावर दिसतो ना? तसंच दुर्बिणीत. डोळा मधोमध नसेल तर फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. हा दोष कारखान्यात एका ठरावीक अंतरासाठी काढलेला असतो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणीत बहुधा १०० यार्डांना, रिमफायरच्या दुर्बिणीत ५० किंवा ६० यार्डांना. १०० यार्डांची ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेऊन तू ५० यार्डांवर मारलंस आणि डोळा अगदी कडेला गेला, तर चूक १० मिलिमीटरपर्यंत जाते. २५ यार्डांवर तीच १५ मिलिमीटर. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण सशाच्या डोक्यात गोळी लागायची जागा लिंबाएवढी. त्यातले दीड सेंटीमीटर फुकट गेले तर ससा जखमी होऊन बिळात शिरतो आणि तिथे तडफडतो. ते मला कधीच बघवलं नाही.

काही दुर्बिणींना हे अंतर बदलायची कडी असते, तिला एओ म्हणतात. चांगली सोय आहे, पण थंडीत हातमोजे घालून ती फिरवत बसायला सशाने वेळ द्यायला हवा.

नावं विचारशीलच. व्होर्टेक्सची क्रॉसफायर २ रिमफायर २-७×३२ मला या कामासाठी सगळ्यात रास्त वाटते. हॉकची व्हँटेज मालिकाही चांगली, त्यात ४×३२ मिळते. ल्यूपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम रिमफायर भिंगांच्या बाबतीत वरची आहे, पण पैसेही वरचे, आणि ८० मीटरच्या आतल्या सशाला तो फरक कळत नाही. निकॉनने रायफलीच्या दुर्बिणी बनवणं बंद केलंय, तरी कुणाकडे जुनी प्रोस्टाफ रिमफायर स्वस्तात मिळाली तर सोडू नकोस. .२२ला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे जुनी दुर्बीण आतून खिळखिळी झालेली असण्याची भीती कमी. स्प्रिंगच्या एअर रायफलीवरून काढलेली मात्र घेऊ नकोस. ती रायफल आधी मागे आणि मग पुढे झटका देते, त्यात चांगल्या चांगल्या दुर्बिणींचे सांधे निखळतात.

टिकाऊपणाचं म्हणशील तर दुर्बिणीला मारतो तो ओलावा. हे मी ओटागोत शिकलो आणि घरी येऊन पुन्हा शिकलो. माझ्या त्या तोफेचं काय झालं? जुलैची सकाळ, बाहेर सगळं हिमाने पांढरं. उबदार घरातून रायफल बाहेर नेली आणि भिंग आतून धुरकटलं. बाहेरून पुसून उपयोग नाही, बाष्प आतच. दुकानाला पत्र लिहिलं तर उत्तर आलं की दुर्बीण ‘कोरड्या हवामानात’ वापरावी. आता ही मी ससे राहतात त्या हवामानात वापरणार की दुकानदार राहतो त्या? नंतर वाळपईला परतल्यावर पक्षी बघायला एक स्वस्त दुर्बीण घेतली. आमच्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. गणपतीची चवथ येईस्तोवर तिच्या भिंगावर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आता नवी आहे ती सीलबंद, नायट्रोजन भरलेली, आणि पावसाळ्यात तांदळाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपते.

तेव्हा घेताना नायट्रोजन भरलेली आणि वॉटरप्रूफ बघ. घरी आणल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, मग स्वयंपाकघराच्या उबेत काढ. बाहेरून दव आलं तर येऊ दे, ते पुसलं जातं. आतून आलं तर बिल सापडतंय तोवर परत कर.

रिंगांवर मात्र मी भांडायला तयार आहे. ब्रनोच्या डोक्यावर ११ मिलिमीटरच्या खाचा असतात. दुकानात सहज मिळतात त्या वीव्हर किंवा पिकॅटिनी पट्टीच्या रिंगा त्यावर बसत नाहीत, आणि ‘बसेल हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. दुर्बिणीची नळी १ इंची की ३० मिलिमीटरची, तेही बघ. बसवल्यावर बोल्टचा दांडा पूर्ण उचलून बघ, तो डोळ्याकडच्या भिंगाला आपटायला लागला तर रिंगा थोड्या उंच हव्यात.

माझ्या दुसऱ्या दुर्बिणीच्या वेळी नेम रोज हलायचा. आज दोन बोटं डावीकडे, उद्या वर. पन्नास गोळ्यांची दोन पाकिटं त्यात गेली, दुर्बिणीला शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. शेवटी मालकाच्या बायकोने आपल्या लाल नेलपॉलिशची बाटली आणून दिली. रिंग आणि रायफल यांच्या जोडावर एक बारीक रेघ ओढ म्हणाली. वीस गोळ्यांनंतर रेघ तुटलेली. मागची रिंग खाचेतून केसभर सरकत होती. खाच आणि स्क्रू रॉकेलने पुसून, तेल काढून, ॲलन कीच्या आखूड टोकाने आळीपाळीने आवळले. त्यानंतर वर्षभर त्या दुर्बिणीला हात लावावा लागला नाही.

नेम बसवायचा ५० मीटरवर. बहुतेक दुर्बिणींची एक क्लिक, म्हणजे नेमाच्या घुंडीचा एक खटका, पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग), म्हणजे ५० मीटरला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. गोळी चार सेंटीमीटर खाली लागत असेल तर अकरा क्लिक वर. दुर्बीण खरी आहे का ते बघायला वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरव आणि पुन्हा मार. गोळी पहिल्या भोकाजवळ आली पाहिजे. ५० मीटरचा नेम ठेवलास तर ७५ला गोळी ५ ते ९ सेंटीमीटर आणि १००ला १५ ते २५ सेंटीमीटर खाली जाते, गोळी कुठली त्यावर अवलंबून. म्हणून एकच जात धर. तिथे सायलेन्सर सर्रास वापरतात, त्यासोबत सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगाहून हळू जाणाऱ्या गोळ्या बऱ्या. फक्त नेम त्याच गोळ्यांवर, सायलेन्सर चढवूनच बसव, कारण तो काढला की नेम हलतो.

रायफलीवरच्या दुर्बिणीतून ‘तिकडे काय हललं’ म्हणून बघायचं नाही. त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण. .२२ची गोळी एवढीशी दिसते, पण दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते, आणि ओटागोच्या दगडांवरून उसळतेही.

हौस तिथेच फिटव, हेही सांगून ठेवतो. तिथे ससा बाहेरून आणलेला, गवताचा वैरी, मारला तर शेजारी चहा पाजतात. इथे भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आपल्या रानातला ससाही त्यात आला. आमच्या घरची एकनळी बंदूक पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची. खेती (माकडं) आणि रानडुकरं हाकलायला बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग, आणि निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा. तिच्या टोकाला पितळेचा एक मणी आहे, तीच दुर्बीण.

शेवटचं, पैसे खर्च करण्याआधीचं. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलीत भिंगाची साइट चालत नाही, आणि तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणजे भिंगाशिवायही लागतं. आधी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून त्याच लोखंडी साइटने पन्नास मीटरवर पाच गोळ्या मार. पाचही एका जागी पण भलतीकडे लागल्या तर साइट सरकलीय, हातोडीच्या दोन हलक्या टिचक्यांचं काम आहे. विखुरल्या तर नळी साफ करून पुन्हा पाच मार. तरीही विखुरल्या तर दुसऱ्या जातीच्या गोळ्या आणून बघ, आणि कागदाचा फोटो इथे टाक.