१४ आणि १५ जागेवर का येत नाहीत?

प्रश्न : जोतिबाच्या यात्रेतून मुलासाठी पंधरा ठोकळ्यांचा प्लॅस्टिकचा खेळ आणला. चार बाय चारच्या चौकटीत एक घर रिकामं असतं, त्यात ठोकळे सरकवत १ ते १५ आकडे ओळीनं लावायचे. त्यानं ठोकळे काढून पुन्हा बसवले. तेव्हापासून सगळं लागतं, पण शेवटी १५ आधी आणि १४ नंतर येतो. मोबाइलवरही एकदा असंच झालं. आमचं कुठं चुकतंय? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाही. ही मांडणी ठोकळे सरकवून सुटतच नाही. १८७९ सालीच ते सिद्ध झालं आहे. कारण फार सुंदर आहे, मुलालाही जरूर समजावून सांगा.

रिकामं घर सोडून ओळीनं आकडे वाचा. मोठा आकडा लहानाच्या आधी आला, की ती एक उलटी जोडी. ठोकळा आडवा सरकवला तर वाचायचा क्रम बदलत नाही. उभा सरकवला की तो तीन ठोकळे ओलांडतो, त्यामुळे उलट्या जोड्या १ किंवा ३ नं वाढतात नाहीतर घटतात. सम असतील तर विषम होतात, विषम असतील तर सम. आता रिकामं घर खालच्या उजव्या कोपऱ्यातून निघून तिथंच परत यायचं, म्हणजे जेवढं वर गेलं तेवढं खाली आलंच पाहिजे. उभ्या चाली सम, म्हणून सम-विषमपणा होता तसाच राहतो. सुटलेल्या मांडणीत उलट्या जोड्या ०, तुमच्याकडे १.

कोणतेही दोन ठोकळे काढून त्यांची अदलाबदल करा, खेळ सुटेल. मोबाइलवर आकडे नुसते चिठ्ठ्या टाकल्यासारखे विखुरले असतील, तर निम्म्या मांडण्या न सुटणाऱ्याच निघतात. सुटलेल्या पटापासून उलट सरकवत मांडणारा खेळ निवडा.

प्रश्न : याच पंधरा ठोकळ्यांच्या खेळात १, २, ३ लागतात; ४ बसवताना ३ हलतोच. – शाळकरी वाचक, शाहूपुरी

उत्तर : ३ आधी पक्का करू नकोस, तिथंच अडतं. ३ ला वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे ४ च्या घरात ने. त्याच्या बरोबर खाली ४ आण. रिकामं घर ३ च्या खऱ्या जागी आलं, की ३ डावीकडे, ४ वर. दुसरी ओळ अशीच. खालच्या दोन ओळी मात्र उभ्या लावायच्या : १३ ला ९ च्या घरात, ९ त्याच्या उजवीकडे, रिकामं घर १३ च्या खाली, मग १३ खाली, ९ डावीकडे. १० आणि १४ तसेच. उरलेले तीन ठोकळे गोल फिरवले की जागेवर येतात.

प्रश्न : चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत गेलं की ६१७४ येतं, असा मेसेज आला. मी २१११ घेतली. ९९९ आले, पुढं शून्य. मेसेज खोटा का? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मेसेज खरा आहे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांचा हा शोध. तुमचं पुढचं शून्य गळालं. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९, चारही घरं भरलेली हवीत. मग ९९९० – ०९९९ = ८९९१, ९९८१ – १८९९ = ८०८२, ८८२० – ०२८८ = ८५३२, ८५३२ – २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. चारही अंक सारखे असलेली संख्या तेवढी चालत नाही, पहिल्याच वजाबाकीत शून्य येतं. तीन अंकी संख्येला ४९५ येतं. तिथं २११ घेऊन बघा, पहिली पायरी ०९९ अशीच लिहा.